गरोदरपणात लेप्टिन वाढतं, मग भूक का मरत नाही?

कूलरसमोर | ११ मे, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. धागा काढायला कारण आमची वहिनी. सातवा महिना चालू आहे. नागपूरचा मे, पारा ४४ वर, त्यामुळे दिवसभर तिला अन्न जातच नाही. ताक आणि आंबील यावरच असते. रात्री मात्र अडीचच्या सुमाराला स्वयंपाकघराचा दिवा लागतो. परवा मी पाणी प्यायला उठले तर बाईसाहेब फ्रिज उघडा ठेवून त्याच्या उजेडात गार गोळाभात खाऊन राहिल्या होत्या. मला पाहून अशी दचकली की हातातली साराची वाटी सांडली.

यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण तिच्या ओळखीतल्या एक 'वेलनेस कोच' बाई आहेत. त्यांनी सांगितलं की लेप्टिन नावाचं हार्मोन हे भुकेचं ब्रेक असतं, तुमचं ब्रेक फेल झालंय, संध्याकाळी सातनंतर काही खायचं नाही आणि 'लेप्टिन पावडर' सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची. डबा २४०० रुपयांचा. दादाने पैसे देऊनही टाकले.

मी बीकॉमवाली. तरी थोडं वाचलं. तिथे लिहिलंय की गरोदर बाईचं लेप्टिन कमी होत नाही, उलट वाढतं. ब्रेक वाढलं तर गाडी थांबायला पाहिजे ना? मग ही अडीचला काहून उठते? जाणकारांनी सांगा. पावडरचा डबा अजून फोडलेला नाही.

तर्रीपोहे | ११ मे, रात्री ११:५०

गार गोळाभात आणि सार. माझंही ब्रेक फेल झालं हे वाचून. वाचतोय.

महालची_आजी | १२ मे, सकाळी ६:१५

अगं, दोन जिवांची बाई आहे ती. आमच्या वेळी सासूबाई उशाशी लाडवाचा डबा ठेवायच्या. दोघांचं खाऊ दे तिला. हे कोचबिच काय काढलं नवीन?

दवाखान्यातली | १२ मे, सकाळी ९:०५

धागाकर्ती, आधी दोन कामाच्या गोष्टी, बाकीची चर्चा मग.

एक, पावडर बंद म्हणजे बंद. गरोदरपणात कुठलाही डबा तिच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जाता कामा नये. दोन, शुगरची तपासणी झाली आहे का ते बघा. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्यावर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा. रात्री भुकेबरोबर तहानही फार लागत असेल, सारखं लघवीला जावं लागत असेल, तर मुद्दाम विचारा.

आजी, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, दोघांचं नाही. शेवटच्या सहा महिन्यांत दिवसाला ३५० कॅलरी जादा लागतात, म्हणजे भाकरी, वाटीभर वरण आणि एखादं फळ. पण सातनंतर उपाशी झोपा हा सल्ला त्याहून वाईट. दिवसा उन्हाने जेवण जात नसेल तर रात्रीच खाणार ना ती?

शिशीबाटली | १२ मे, दुपारी ३:२०

बायोकेमिस्ट्री शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली, आता निवृत्त. दुपारी वाळ्याचा कूलर लावून बसलोय आणि विषय माझ्या आवडीचा निघालाय, तेव्हा लांबण लागणार.

लेप्टिन मुख्यतः चरबीच्या पेशींत तयार होतं. चरबी जास्त तर रक्तात लेप्टिन जास्त. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळवतं की कोठीत माल आहे. या जेवणाने पोट भरलं की नाही, हे सांगणं त्याचं काम नाही. ते सांगणारी हार्मोन्स वेगळी. लेप्टिन महिन्याचा किराणा मोजतं, ताटातली पोळी मोजत नाही. त्यामुळे 'सात वाजता ब्रेक' वगैरे मुळातच चुकीचं.

याचा शोध वाचण्यासारखा आहे. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही उंदीर जन्मजात बेसुमार लठ्ठ निघाले. त्यांची माहिती १९५० साली प्रसिद्ध झाली. त्यांना 'ओबी' म्हणतात. १९६६ मध्ये दुसरी तशीच जात सापडली, ती 'डीबी'. दिसायला दोन्ही सारख्याच, गोल गरगरीत. तिथल्या डग्लस कोलमन यांनी काय केलं, तर दोन उंदरांच्या कुशी एकमेकींना शिवल्या. काही दिवसांत एकाचं रक्त थोडंथोडं दुसऱ्यात जायला लागतं. डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला तर साध्याने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. डीबी होता तसाच लठ्ठ. मग ओबीला डीबी जोडला. आता ओबीने खाणं सोडलं.

वर्गात मी इथे थांबायचो आणि पोरांना विचारायचो, सांगा याचा अर्थ. मागच्या बाकावरचं एखादं पोरगं बरोबर सांगायचं: डीबीच्या रक्तात भूक मारणारा पदार्थ भरपूर आहे, पण त्याच्या स्वतःच्या मेंदूला तो कळत नाही. ओबीच्या मेंदूला कळतो, पण त्याच्याकडे तो पदार्थच नाही. एक मुका, एक बहिरा.

१९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबीचं जनुक शोधलं. त्यातून बनणाऱ्या प्रथिनाला लेप्टिन नाव दिलं, ग्रीक 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ यावरून. पुढच्याच वर्षी त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर लेप्टिन पकडणारं प्रथिन, सापडला आणि डीबी उंदराचा बिघाड त्या रिसेप्टरमध्येच निघाला. कोलमन आणि फ्रीडमन यांना २०१० चा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता गरोदरपण. ओबी माद्यांना पिल्लं होत नाहीत. १९९६ मध्ये त्यांना लेप्टिनची इंजेक्शनं दिली आणि त्यांना दिवस गेले. पुढे असं दिसलं की गर्भ गर्भाशयात रुजेपर्यंत लेप्टिन लागतं, त्यानंतर इंजेक्शनं थांबवली तरी पिल्लं पोटात नीट वाढतात आणि जन्मतात. म्हणजे निदान उंदरांमध्ये तरी लेप्टिनची खरी गरज गर्भारपण सुरू होताना असते. कोठीत माल नसेल तर पाहुणे बोलावू नका, असा हिशेब.

लाईट गेली. बाकीचं रात्री.

तर्रीपोहे | १२ मे, दुपारी ३:४१

सर, एक शंका. शाळेच्या पुस्तकात रिसेप्टरला 'ग्राहक' असायचं. मला तेव्हा वाटायचं पेशीवर कोणी गिऱ्हाईक बसलंय पिशवी घेऊन.

शिशीबाटली | १२ मे, रात्री ९:३०

तर्रीपोहे, तुमचं गिऱ्हाईक कामाचं आहे, त्यालाच धरून सांगतो.

लेप्टिन म्हणजे माल. रिसेप्टर म्हणजे गिऱ्हाईक. हा रिसेप्टर एकाच जनुकातून निघतो, पण वेगवेगळ्या लांबीचा. लांब शेपटीचा एक, तो हायपोथॅलॅमसमध्ये भरपूर असतो. माल मिळाला की शेपटीमार्फत पेशीच्या आत निरोप जातो. हा सौदा करणारा खरा गिऱ्हाईक. आखूड शेपटीचे बाकी ठिकाणी असतात, त्यांच्याकडून आत निरोप फारसा जात नाही. आणि उंदरांत एक प्रकार असा की त्याला पेशीत रुतवणारा भागच नाही. तो सुटा रक्तात फिरतो. म्हणजे दुकानात येतच नाही, इतवारीच्या चौकात उभं राहून हातगाडीवरचा मालच अडवून ठेवतो.

गाभण उंदरीत हेच होतं. तिची वार, म्हणजे प्लॅसेंटा, हा सुटा रिसेप्टर भरमसाट बनवते. तो लेप्टिनला धरून ठेवतो, मग लेप्टिन रक्तातून लवकर निघून जात नाही आणि मोजलं तर कित्येक पट वाढलेलं दिसतं. पण त्यातलं पुष्कळसं हातगाडीवर अडकलेलं.

बाईचं निराळं. तिच्यात लेप्टिन दुप्पट-तिप्पट होतं आणि साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. सुरुवातीला लोकांना वाटलं, वजन वाढतं, चरबी वाढते, म्हणून लेप्टिन वाढत असेल. पण बाळंतपण झालं की ते झपाट्याने उतरतं, एक-दोन दिवसांत. आता बघा, बाळंतिणीची चरबी दोन दिवसांत जाते का? घरोघरी विचारा. दोन दिवसांत जाते ती वार! रक्तात लेप्टिनचं आयुष्य तोकडं, साधारण २५ मिनिटांत निम्मं संपतं. कारखाना बाहेर पडला की साठा संपायला वेळ लागत नाही. १९९७ मध्ये जपानमधल्या क्योटोच्या संशोधकांनी दाखवलं की माणसाची वार स्वतःच लेप्टिन बनवते. त्यातलं बहुतेक आईच्या रक्तात जातं, बाळाकडे फार थोडं. उंदराच्या वारेला हे जवळजवळ जमतच नाही.

माणसाच्या वारेला का जमतं, याचं उत्तर मला फार आवडतं. लेप्टिनच्या जनुकाजवळ एक तुकडा आहे, तो वारेत गेला की जनुकाचं बटण दाबतो. हा तुकडा आपल्या पूर्वजांच्या डीएनएत कधीकाळी घुसलेल्या विषाणूसारख्या घटकाचा अवशेष आहे.

खरं_सांगू_का | १२ मे, रात्री १०:१२

सर, लिहिलंय छान, पण मूळ प्रश्न तिथेच. वारेने बनवलेलं लेप्टिन बाईच्या रक्तात मोकळं फिरतंय ना? मग भूक का मरत नाही? आणि हे उंदराचं माणसाला लावणं मला नेहमीच खटकतं. तुम्हीच म्हणालात की दोघांचं वेगळं आहे.

शिशीबाटली | १२ मे, रात्री १०:५५

खटकायलाच पाहिजे. उंदरात सुटा रिसेप्टर, माणसात वारेचा कारखाना. लेप्टिनचा आकडा दोन्हीकडे वाढतो, पण कारण वेगळं. म्हणून गाभण उंदरीचं पाहून गरोदर बाईच्या आकड्याचा अर्थ लावला तर फसगत होते.

भुकेचं मात्र एका जागी जुळत असावं. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात डेव्हिड ग्रॅटन यांच्या गटाने गाभण घुशींच्या, म्हणजे प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या रॅटच्या, थेट मेंदूत लेप्टिन सोडलं. साध्या मादीची भूक याने कमी होते, गाभणीची झाली नाही. म्हणजे माल दुकानापर्यंत पोचवला तरी गिऱ्हाईक घेईना. पेशीच्या आतला निरोपच मंदावला होता. त्यांच्या कामातून पुढे आलं की वारेतून येणारं, प्रोलॅक्टिन या दूध आणणाऱ्या हार्मोनसारखं हार्मोन मेंदूला असं बहिरं करतं. प्रोजेस्टेरॉन भूक वाढवतं ते वेगळंच.

तर कूलरसमोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वहिनीचं ब्रेक फेल नाही. ब्रेकवर पाय आहे, पण वारेने ब्रेकची तार सैल करून ठेवली असावी, मुद्दाम. पुढे अंगावर पाजायचं आहे, त्यासाठी कोठी भरायची आहे. मेंदूने लेप्टिनचं ऐकलं असतं तर जेवण कमीच झालं असतं.

ढोरडॉक्टर | १३ मे, सकाळी ७:४०

जनावरांचा डॉक्टर आहे, काटोल रोडच्या गावांत फिरतो. तुमच्या धाग्यात गायी-म्हशी आल्या नाहीत म्हणून लिहितो.

गायीची वार लेप्टिनच्या बाबतीत बाईसारखी नाही. तिथे आकडा चरबीच्या मागेच चालतो. मेंढीत गाभणपणाच्या मध्यावर लेप्टिन वाढतं, ते चरबीतूनच येतं, आणि विण्याच्या दिशेने उतरतं. दुभत्या गायीत विल्यानंतर निम्म्यावर येतं. कारण उघड आहे, दूध सुरू झालं की खाल्लेलं पुरत नाही, अंगची चरबी जळते. शेतकरी म्हणतो, 'डॉक्टर, विल्यावर गाय खंगून राहिली.' तेव्हा तिच्या अंगात हाच हिशेब चालू असतो. त्यात ती चारा खाईना झाली की किटोसिस, म्हणजे चरबी फार जळून रक्तात किटोन साचण्याचा आजार.

आता गंमत बघा. बाळंतपणानंतर बाईचं लेप्टिन उतरतं ते वार गेली म्हणून. गायीचं उतरतं ते चरबी जळते म्हणून. आकडा दोघींचा खालीच. रिपोर्ट हातात घेऊन नुसता आकडा वाचणाऱ्याला काय कळणार?

पिंपळपान | १३ मे, सकाळी ११:०८

वटवाघळांवरही काम झालंय, म्हणून हात शिवशिवले. उत्तर अमेरिकेतलं एक छोटं तपकिरी वटवाघूळ आहे. शरद ऋतूत जुळतात, मादी हिवाळाभर नराचं बीज पोटात जपून ठेवते आणि वसंतात दिवस जातात. एकच पिल्लू, पण जन्मताना आईच्या वजनाच्या पावपट! आणि तेवढं पोट घेऊन रोज रात्री उडून किडे पकडायचे.

या वटवाघळाची आणि साध्या उंदराची तुलना झाली होती. दोघांतही दिवस भरत गेले तसे लेप्टिनचे रिसेप्टर वारेत वाढले, हायपोथॅलॅमसमध्ये मात्र वाढले नाहीत. सरांच्या भाषेत, मेंदूच्या दुकानात गिऱ्हाईक तेवढंच, वारेच्या दुकानात गर्दी. मला यातून असं वाटतं की वारेतल्या लेप्टिनचं गिऱ्हाईक वारच असावी.

शिशीबाटली | १३ मे, दुपारी १:१५

पिंपळपान, वा! हे मी लिहायचं राहून गेलं होतं. माणसाच्या वारेच्या पेशींवरही लेप्टिनचे रिसेप्टर आहेत. लेप्टिनमुळे तिथल्या पेशी तगून राहतात आणि आईकडून बाळाकडे अमिनो आम्लं नेणारी वाहतूक वाढते, असं प्रयोगशाळेत दिसलंय. वारच बोलते, वारच ऐकते.

पुणेकर_माफ_करा | १३ मे, दुपारी ४:३२

आमच्याकडची माहिती, चिडू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ च्या आसपास. पण आपली बाळं हडकुळी दिसली तरी कातडीखालची चरबी त्या मानाने राखून असतात. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, तर वजनात एवढा फरक असूनही लेप्टिन जवळपास सारखं आणि पुण्याच्या बाळांत इन्शुलिन जास्त. बाळाचं लेप्टिन बरंचसं बाळाच्या चरबीतून येतं, त्यामुळे हा आकडा बाळाच्या अंगावर चरबी किती ते सांगतो. 'पोटात असताना कमी खाऊ दे, बाळ लहान राहील, सुटका सोपी होईल' असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर ऐकवा.

महालची_आजी | १३ मे, संध्याकाळी ५:०२

असं म्हणणारे आमच्याकडेही होते हो. माझ्या जावेला सातव्यापासून दूध बंद केलं होतं, बाळ मोठं होईल म्हणून. बिचारी रडायची. लाडवाचा डबा मीच सरकवायची तिच्याकडे, सासूबाई देवळात गेल्या की.

खरं_सांगू_का | १३ मे, रात्री ८:४४

मान्य, समजलं. शेवटचं एक. लॅबवाले आता 'लेप्टिन टेस्ट' पॅकेजमध्ये देतात. ती केली तर काही कळेल का? लेप्टिन फार वाढलं तर धोका नसतो?

दवाखान्यातली | १३ मे, रात्री ९:२०

प्रीएक्लॅम्प्सियात, म्हणजे गरोदरपणातल्या त्या रक्तदाबाच्या आजारात, वारेतलं लेप्टिन वाढलेलं सापडतं. गरोदरपणातल्या मधुमेहातही रक्तात जास्त दिसतं. पण मी रोज ओपीडीत बसते, एकाही बाईला लेप्टिन करायला पाठवत नाही. जाड बाईचं मुळातच जास्त, त्यात वारेचं, त्यात महिन्यागणिक बदल. नॉर्मल कशाला म्हणायचं? बीपी मोजा, लघवीतलं प्रोटीन बघा, शुगर करा. तिघांचे मिळून लेप्टिनच्या पॅकेजपेक्षा कमी पैसे लागतात आणि उपचार त्यावरच ठरतात.

पावडरचंही सांगून टाकते. लेप्टिन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर पोटात वरणासारखं पचून जाईल. औषध म्हणून त्याचा एक प्रकार अमेरिकेत २०१४ पासून मिळतो, तो सुईने द्यावा लागतो आणि तोही लिपोडिस्ट्रॉफीच्या, म्हणजे अंगात चरबीच नीट नसलेल्या रुग्णांसाठी. डब्यावर घटक काय लिहिलेत ते वाचा बरं जरा.

कूलरसमोर | १५ मे, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. सर, तुमचे प्रतिसाद दादाला मोठ्याने वाचून दाखवले. तो शिवलेल्या उंदरांपाशी अडकला, पुढचं ऐकायलाच तयार नव्हता.

शुगर झाली, दोन तासांची ११८. बीपी ठीक. डॉक्टर म्हणाल्या रात्री खाऊ दे, फक्त गारढोण नको आणि एकदम खूप नको.

डब्याच्या मागे भिंग लावून वाचलं, अक्षर मुंगीएवढं. आफ्रिकन आंब्याच्या बियांचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, संत्र्याचा स्वाद. लेप्टिन कुठेच नाही! नागपुरात बसून २४०० रुपयांना संत्र्याचा स्वाद विकत घेतला आम्ही. आणि अगदी शेवटी बारीक अक्षरात: गर्भवती व स्तनदा मातांनी घेऊ नये. कोच बाईंना फोटो पाठवला. 'कंपनी पॉलिसी आहे, डबा परत होत नाही' एवढंच उत्तर आलं. दादा उद्या स्वतः जाऊन राहिला त्यांच्याकडे, डबा घेऊन.

तर्रीपोहे | १५ मे, रात्री १०:१६

दादा परत आले की कळवा. आणि गोळाभात आता गरम की गार?

कूलरसमोर | १५ मे, रात्री १०:२१

गरम. आई रात्री दहाला करून डब्यात भरून ठेवते, सार थर्मासमध्ये. काल अडीचला मी पण उठले होते.